पोहण्यापासून

ओव्हाळ सरांच्या वर्गात उशिरा येणाऱ्याला दारातच थांबावं लागे. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असले तरी कुणीतरी आलंय हे त्यांना कळायचं. हातातला खडू न थांबवता ते विचारायचे, "कशाबद्दल?"

मुलगा म्हणायचा, "सॉरी सर."

"सॉरी कळलं. कशाबद्दल?"

मग त्याला अख्खं वाक्य म्हणावं लागे: "आय अपॉलजाइज फॉर कमिंग लेट." कुणी 'फॉर कम लेट' म्हटलं किंवा 'टू कम लेट' म्हटलं, तर सर खडू खाली ठेवायचे, दाराकडे वळायचे आणि नुसते बघत राहायचे. त्या बघण्यात राग नसायचा. शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलेलं दिसल्यावर आपण बघतो तसं ते बघणं होतं. मुलगा आपणच वाक्य सोडायचा, पुन्हा लावायचा आणि आत यायचा.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. शाळा मावळातली, आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं चालत, सायकलवर, एसटीनं यायची. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, त्यामुळे सरांचे निम्मे तास मी फुकट ऐकले. एकदा नववीतली एक मुलगी उशिरा आली आणि दारातून स्पष्ट आवाजात म्हणाली, "आय अपॉलजाइज फॉर कमिंग लेट, अँड फॉर टेलिंग यू यस्टर्डे दॅट आय वॉज सिक." वर्ग हसला. सरांचा आवाज आला, "फॉर टेलिंग. बरोबर. बस."

मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "सर, ती काल खोटं बोलली होती की. तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"बाई, तिनं दोन गोष्टी एका वाक्यात जोडल्या. दोन्हीकडं आयएनजी लावलं. आणखी काय पायजे?" सरांनी डबा उघडला. थोड्या वेळानं म्हणाले, "खोटं बोलले हे तिचं तिनंच म्हटलं ना. आता मी कशाला परत म्हणू?"

डब्यात भातच असायचा. वडिवळ्याच्या बाजूला सरांची थोडी शेती होती, त्यातला घरचा इंद्रायणी. झाकण काढलं की वास सगळ्या स्टाफरूममध्ये जायचा. सर प्रत्येकाच्या डब्यात चमचाभर टाकायचे आणि विचारायचे, "कसा झालाय?" तांदूळ तोच, शिजवणारा हात तोच, पण प्रश्न रोज नवा असल्यासारखा. उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे. 'छान' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "छान म्हणजे काय? मोकळा झालाय का चिकट झालाय?"

उंचीनं बेताचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात काळ्या सँडल. पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि पुस्तकांची पिशवी खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेली. स्कूटर शाळेच्या भिंतीला टेकवून लावायचे, कारण तिचं स्टँड कधीचंच मोडलं होतं. ते दुरुस्त करून घ्या असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. इंग्रजीत एवढा काटेकोर माणूस स्कूटर भिंतीला टेकवतो, याचं मला नवल वाटायचं.

इंग्रजी भाषेतल्या सगळ्या गोष्टींत सरांचा जीव एकाच धड्यावर होता. काही क्रियापदं अशी असतात की त्यांच्यामागे एक छोटा शब्द येतो, ऑन, इन, फॉर, फ्रॉम, ऑफ असा, आणि त्या छोट्या शब्दामागे दुसरं क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लावावंच लागतं. इन्सिस्ट ऑन गोइंग. सक्सीड इन गेटिंग. थँक समबडी फॉर हेल्पिंग. सरांनी ही सगळी जोडकामं वर्गाच्या मागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं स्वतः लिहिली होती. परीक्षेत त्यावर एखादाच प्रश्न यायचा. बाकीचे शिक्षक म्हणायचे, तेवढ्यासाठी एवढा वेळ कोण घालवतं. मुलं त्यांच्या मागे त्यांना आयएनजी सर म्हणायची, आणि हे सरांना ठाऊक होतं.

एकदा ते माझ्याकडे आले. "बाई, तुमच्या मराठीत याला काय म्हणता?"

मी सांगितलं, जाणे, करणे, बोलणे ही आपल्याकडे नामासारखी वापरतात. त्यांना प्रत्यय लागला की जाण्यापासून, करण्याबद्दल, बोलण्यात.

सरांनी हातातल्या खडूनं माझ्या टेबलावर 'जाण्यापासून' लिहून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे त्यांच्यात शब्द अगोदर लागतो आन् आपल्यात मागून लागतो. काम तेच." ते इतके खूश झाले की हातातला खडू माझ्या टेबलावर विसरून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पार्टिशनपलीकडून नवीन धडा ऐकू येऊ लागला. "मला रोखलं. कशापासून रोखलं? जाण्यापासून. जाण्या म्हणजे गोइंग. पासून म्हणजे फ्रॉम. आता आपलं उलटं करा." आणि वर्ग एका आवाजात ओरडायचा, "फ्रॉम गोइंग!" इंग्रजीच्या तासाला मान खाली घालणारी मुलं त्यात ओरडत होती. आपल्याला हे आधीपासून येत होतं असं त्यांना पहिल्यांदा वाटलं असावं. मी मराठीच्या तासाला विभक्ती शिकवायला घेतली तेव्हा मुलांनी मला विचारलं, "बाई, हे तर इंग्रजीत झालं ना?"

सरांच्या काटेकोरपणाचा त्रासही व्हायचा. आमचे एक मुख्याध्यापक निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी उत्साहानं इंग्रजीत भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "आय लुक फॉरवर्ड टू मीट यू ऑल अगेन." पहिल्या रांगेतून सरांचा आवाज आला, "मीटिंग." हळू बोलले होते, पण माइक जवळ होता. मुलांमध्ये खसखस पिकली. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. ते दोन शब्दांत भाषण आटोपून बसले, आणि नंतर जेवायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर त्यांच्या घरी वडगावला गेले. मला तिकडच्या बाजारात जायचं होतं म्हणून मी बरोबर होते. मुख्याध्यापकांनी दार उघडलं, बसा म्हटलं नाही. सर उंबऱ्याबाहेर उभे राहूनच म्हणाले, "साहेब, मी माफी मागायला आलोय. दुरुस्ती केल्याबद्दल नाही. चारचौघांत केल्याबद्दल."

"म्हणजे चूक माझीच होती असं सांगायला आलात?"

"वाक्य चुकलं होतं, साहेब. पण ते मी आज इथं येऊन सांगायला पायजे होतं. काल तितं सांगितलं, ते माझं चुकलं."

मुख्याध्यापकांनी दारावरचा हात काढला. मग आत वळून त्यांनी चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत दोघंही 'लुक फॉरवर्ड टू'वर बोलत होते. तिथला 'टू' हा साधा 'टू' कसा नाही, हे सर त्यांना पेपराच्या समासात लिहून दाखवत होते. मी माझी बाजारहाट करून परत आले तरी चालूच होतं.

नदीकाठची पाटी त्यांच्या आयुष्यात आली ती निवृत्तीला काही वर्षं राहिली असताना. सरांच्या घराच्या वाटेवर नदी एका ठिकाणी वळते. तिथे खडकांच्या खाली डोह आहे. पावसाळ्यात वरून पाणी सुटलं की तो वरवर शांत दिसतो आणि आतून ओढतो. पूर्वी तिकडे गुराख्यांशिवाय कुणी फिरकत नसे. मग कुणीतरी तिथले फोटो मोबाइलवर टाकले आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या. आदल्या वर्षी दोघं तिथे बुडाली होती. म्हणून गावातल्या तरुणांनी वर्गणी काढून पाटी लावली. वर मराठीत नीट लिहिलं होतं, खाली इंग्रजीत: टुरिस्ट आर प्रोहिबिटेड टू स्विमिंग.

सर रोज सकाळ-संध्याकाळ त्या पाटीवरून जायचे. "बाई, त्या 'टू'नं मला रस्त्यात अडवल्यासारखं होतं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. शेवटी एका रविवारी ते रंगाचा डबा, ब्रश आणि स्टूल घेऊन गेले. 'टू' पुसून तिथे 'फ्रॉम' बसवायचा होता. जागा कमी होती, अक्षरं बारीक करावी लागली.

ते लिहीत असतानाच एक गाडी थांबली. त्यातून पाच-सहा जण उतरले. एका मुलीनं पाटी मोठ्यानं वाचली. मग एकानं सरांच्या हातात मोबाइल दिला, "काका, एक फोटो प्लीज." सगळे पाटीखाली उभे राहिले. सरांनी फोटो काढून दिला. त्यांनी थँक यू म्हटलं आणि ते सरळ खाली डोहाकडे निघून गेले.

"बाई," सर सोमवारी मला म्हणाले, "मी दुरुस्त केलेलं वाक्य तिनं वाचलं. उच्चारसुद्धा चांगला होता. आन् मग ती पाण्यात उतरली."

त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. पण सर स्टुलावर बसून राहिले होते, ते सगळे वर येऊन गाडीत बसेपर्यंत. डोहाकडे जाणारी पायवाट बबनभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावरून जाते. सर आणि ते एका वयाचे, एका गावचे. पावसाळ्यात बबनभाऊंच्या पडीक रानात गाड्या लागायच्या आणि त्याचे ते पैसे घ्यायचे. ते सरांजवळ येऊन उभे राहिले.

"सर, पाटी वाचून कोन थांबतंय? मानूस उभा र्‍हायला तर थांबंल एखादा."

"मग तू का न्हाई उभा र्‍हात?"

"मी गाड्या लावतो तितं. मी थांबवलं तर गाड्या कोन लावंल?"

सर म्हणाले, हे उत्तर प्रामाणिक होतं.

पुढच्या रविवारपासून सर तिथे उभे राहायला लागले. भातलावणीचे दिवस होते. घरचे सगळे चिखलात वाकलेले आणि सर छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी मला म्हणाल्या, "हितं लावनीला मानसं मिळंनात आन् ह्यांना पुन्या-मुंबईच्या लोकांची काळजी. मी म्हनलं, ते काय तुमच्या वर्गात हायती का? तर म्हनले, असायला काय हरकत हाय!"

सुरुवातीला सर त्यांना समजावून सांगायचे, मराठीत, हिंदीत आणि तिकडून इंग्रजी आलं तर इंग्रजीत. पाण्याला ओढ कशी आहे, खडकांवर शेवाळ कसं असतं. कुणी ऐकत नसे. "अंकल, आम्ही फक्त पाय बुडवणार." "अंकल, चिल." एकानं विचारलं, "तुम्हाला काय अधिकार आहे?" सर म्हणाले, "काहीच न्हाई." दुसऱ्यानं त्यांना छत्रीसकट बाजूला ढकललं. सर बांधावरून चिखलात बसले. सोमवारी शाळेत आले तेव्हा कोपराला पट्टी होती. काय झालं विचारलं तर म्हणाले, "माझं वाक्य लांब होतंय."

मग त्यांनी वाक्य आखूड केलं. कुणी आलं की सर अडवायचे नाहीत, पाण्याबद्दल बोलायचे नाहीत. खिशातून मोबाइल काढायचे आणि शांतपणे म्हणायचे, "जावा. फक्त घरच्यांचा नंबर सांगून जावा."

"कशाला?"

"कळवायला."

"काय कळवायला?"

यावर सर काही बोलायचे नाहीत. मोबाइलवर बोट ठेवून नंबराची वाट बघत उभे राहायचे. मी हे एकदाच पाहिलं. लावणीचं जेवण म्हणून वहिनींनी बोलावलं होतं, तेव्हा वाटेत थांबले होते. चार तरुण हसत हसत आले. सरांनी नंबर मागितला. पहिला हसला, दुसऱ्यानं 'काय येडा आहे' अशी खूण केली. तिसऱ्यानं आईचा नंबर सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्यात थांबला. "चल यार, वरच बसू," तो म्हणाला. ते वर खडकावर बसले, कणसं खाल्ली आणि गेले. सगळेच असे थांबत नसत. पण बरेच थांबायचे. दोन पावसाळे असे गेले. त्या काळात रविवारी तिथे कुणी बुडालं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, भर दुपारी, एक मुलगा बुडाला. सर तेव्हा शाळेत, नववीच्या वर्गावर होते.

हिंजवडीला नोकरीला लागून त्याला फार दिवस झाले नव्हते. मित्राबरोबर सुट्टी काढून आला होता. बचाव पथकाच्या मुलांनी संध्याकाळपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणाला सापडला. त्याचे आईवडील दक्षिणेतल्या कुठल्यातरी गावाहून आले. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. वडिलांना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. चौकीवरच्या हवालदारांचा सरांना फोन आला, "सर, जरा येता का? त्यांना काय विचारायचंय ते आम्हाला कळंना." सर माझ्या वर्गाच्या दारात आले. "बाई, चला. त्याची आई आलीय. सगळ्या पुरुषांत एकट्याच आहेत. बाईमाणूस जवळ पायजे."

आम्ही गेलो तेव्हा ते दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. वडिलांचा शर्ट इस्त्रीचा होता. मी आईजवळ बसले. आमच्या दोघींत एकही शब्द सारखा नव्हता. तिनं माझा हात धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

सरांनी पंचनाम्यातली एकेक ओळ वडिलांना इंग्रजीत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, एनीबडी स्टॉप हिम?"

मला वाटलं, सर आता पाटीचं सांगतील. रविवारी आपण उभे असतो हेही सांगतील. सगळं खरं होतं आणि सांगण्यासारखं होतं. सर म्हणाले, "नो, सर. नोबडी वॉज देअर."

वडिलांनी मान हलवली. "ही इज गुड स्विमर," ते म्हणाले. "अवर व्हिलेज टँक. स्मॉल एज ओन्ली ही लर्न." हे सांगताना त्यांचा आवाज जरा उंच झाला, मुलाच्या मार्कांबद्दल सांगावं तसा. नंतर ते उठले, सरांना, हवालदारांना, कोपऱ्यात बसलेल्या बचाव पथकाच्या मुलांना हात जोडत म्हणाले, "आय थँक यू ऑल टू सर्च माय सन."

सरांनीही हात जोडले. "वी आर सॉरी, सर," ते म्हणाले. पुढे त्यांना काही जोडता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एकदा पार्टिशनपलीकडे एक मुलगा म्हणाला, "आय थँक यू टू हेल्प मी." नेहमीसारखा फळ्याच्या कडेवर खडू ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ सर म्हणाले, "फॉर हेल्पिंग. पेपरात तसं लिही." मग थोड्या वेळानं, "तू म्हणालास तेही कळलं मला." इतक्या वर्षांत असं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

बदल सरांमध्ये झाला तसा बबनभाऊंमध्येही झाला. अंत्यविधीसाठी मुलाला घेऊन त्याचे आईवडील निघाले तेव्हा बबनभाऊ रस्त्याच्या कडेला उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधावर लोखंडी खांब रोवले आणि पायवाट तारेनं बंद केली. गाड्या लावणंही बंद केलं. त्यांच्या थोरल्या मुलाला ते पटलं नाही. "चार महिन्यांचं उत्पन्न हाय आबा ते. तार लावून काय हुतंय? दुसरीकडनं उतरतील." बबनभाऊ म्हणाले, "उतरू दे दुसरीकडनं. माज्या बांधावरनं न्हाई." घरात काही दिवस बोलाचाली बंद होती. सर संध्याकाळी शाळेतून येताना स्कूटर तारेपाशी लावायचे, खांबाला टेकवून, आणि दोघं तिथे गप्पा मारत बसायचे. पुढे गावानं पाळ्या लावल्या. पावसाळ्यात रोज कुणीतरी दोघं तिथे असतात. अजूनही असतात. नंबर मागायची सरांची पद्धत त्यांनी उचलली आहे, पण त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "सरांसारखं गप ऱ्हायला जमत न्हाई आमाला. आमी मधीच बोलतो आन् सगळं बिघडतं."

सर निवृत्त झाले तेव्हा कार्यक्रम साधाच झाला. भाषण त्यांनी मराठीत केलं, अगदी थोडक्यात. भिंतीवरची निळी अक्षरं पुढच्या दिवाळीत रंगकामात गेली. नवीन इंग्रजीच्या बाई चांगल्या आहेत, त्या प्रोजेक्टरवर शिकवतात. मी बदली घेऊन लोणावळ्याला आले, वलवणला घर केलं, आणि सरांची भेट कुणाच्या लग्नात नाहीतर वडगावच्या कचेरीत, एवढीच उरली.

गेल्या एप्रिलमध्ये माझी भाची सुट्टीला आली होती. तिला पोहायला शिकवायचं म्हणून लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या तलावावर मी तिला सकाळी घेऊन जायचे. गर्दी लहान मुलांचीच. पहिल्याच दिवशी उथळ बाजूला, काठालगतची लोखंडी नळी धरून पाय मारणाऱ्या मुलांच्या रांगेत, मला एक मोठं डोकं दिसलं. रबरी टोपी, डोळ्यांवर निळा चष्मा. दोन्ही बाजूंना आठ-नऊ वर्षांची पोरं. शिकवणारा मुलगा पंचविशीचा असेल, काठावरून ओरडत होता, "काका, गुडघा वाकवू नका! पाय सरळ! पाय सरळ!"

काकांनी पाय थांबवले, चष्मा वर केला. ते ओव्हाळ सर होते.

"सर, तुम्ही?"

"या बाई," सर म्हणाले. जणू स्टाफरूममध्येच बसले होते. "भाची का? बरं केलंत. लवकर आणलंत."

"तुम्हाला पोहता येत नव्हतं?" मी विचारलं. विचारतानाच माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे रविवार आले. छत्री, चिखल, आणि पाण्यापासून हाकेच्या अंतरावर उभा राहिलेला हा माणूस. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

"न्हाई ना."

"नदीकाठी जन्म गेला तुमचा."

"नदीवर आई जाऊ द्यायची न्हाई. गावातली पोरं बबनच्या चुलत्याच्या विहिरीत शिकली, पाठीला भोपळा बांधून. आमच्या वस्तीतल्या पोरांना त्या विहिरीत उतरू देत नव्हते." सरांनी हे भाताच्या वाणाबद्दल सांगावं तितक्या सरळ सांगितलं. "आमी वर काठावर बसून बघायचो. बबन मारायचा सूर, ते अजून दिसतंय मला. पुढं विहीर मोकळी झाली, पण तवर मी नोकरीला लागलो. मग राहूनच गेलं."

"बबनभाऊंना माहितीये, तुम्ही शिकताय ते?"

"तोच सोडून जातो की सकाळी. त्याला हितं दूध घालायला यायचंच असतं. बाहेर टेम्पोत बसलाय. आत ये म्हटलं तर येत न्हाई." सर जरा थांबले. "त्याला ती विहीर आठवते. बोलत न्हाई, पण आठवते."

काठावरचा मुलगा पुन्हा ओरडला, "काका, गप्पा नंतर! आज नळी सोडायची आहे. त्या खांबापर्यंत. मी आहे बाजूला."

भाची माझ्या मागे लपली होती, ती पुढे आली. रांगेतली पोरंही पाय थांबवून बघायला लागली. सरांनी चष्मा खाली ओढला, टोपी दोन्ही हातांनी घट्ट केली. नळीवरची बोटं सुटायला वेळ लागला. एक हात सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मग दुसरा.

पाणी खूप उडालं. पाय सरळ नव्हते, मान वर ताणलेली होती, आणि श्वास घ्यायचा असतो हे ते बहुतेक विसरले होते. खांब फार लांब नव्हता, पण ते त्याच्या निम्म्यापर्यंतही गेले नाहीत. मध्येच कुठेतरी, दोन हात हलवत, सर पाण्यावर राहिले होते. खाली गेले नव्हते.